पंप उतरवण्याआधी हवा आणि नोझल तपासा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या जुन्या डिझेल जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टर दुरुस्तीला निघतात. टाकी धुतली जाते, डिझेल फिल्टर बदलले जातात, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारी टोके) काढून तपासायला पाठवले जातात. त्यानंतर अनेक मालकांकडून एकच तक्रार ऐकू येते : गाडी रस्त्यावर नीट पळते, भरलेली असताना घाटही चढते, पण उभी केली की इंजिन थरथरते, मिसिंग मारते (एखादा सिलिंडर मधूनच पेट घेत नाही) आणि हादरे स्टिअरिंगपर्यंत येतात. यावर बहुतेक ठिकाणी ‘पंप गेला’, म्हणजे नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा इंधन पंप बिघडला, हेच पहिले उत्तर मिळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक डिझेल हा व्यवसाय शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्या अनुभवावरून मला आग्रहाने सांगावेसे वाटते, की इंधनप्रणालीच्या दुरुस्तीनंतर लगेच सुरू झालेल्या थरथरीचे कारण बहुधा दुरुस्तीत जे उघडले गेले तिथेच सापडते, आणि पंप उतरवणे ही तपासाची शेवटची पायरी असली पाहिजे.

दोष फक्त आयडलिंगलाच, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असतानाच, का दिसतो, हे आधी समजून घ्यायला हवे. बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्याने बनवलेले, जुन्या ट्रॅक्स या जीपसारख्या गाडीतले चार सिलिंडरचे आणि सुमारे २.४ लिटरचे इंजिन उदाहरणासाठी घेऊ. मिनिटाला सुमारे ७५० फेऱ्यांवर नुसते चालू असताना असे इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल घेते. याचा हिशेब केला तर एका सिलिंडरमध्ये एका वेळी जेमतेम आठ-नऊ घन मिलिमीटर इंधन जाते. पाण्याचा एक थेंब साधारण ५० घन मिलिमीटरचा असतो, म्हणजे हे प्रमाण थेंबाच्या पाचव्या भागाहूनही कमी झाले. इतक्या कमी मापात एखाद्या सिलिंडरला दोन घन मिलिमीटर इंधन कमी मिळाले तर त्याचा जोर चटकन घटतो आणि इंजिन डुलू लागते. गाडीवर भार आला की हेच माप कितीतरी पटीने वाढते, तेवढाच फरक त्यात झाकला जातो, आणि ‘गाडी पळते तर नीट’ असे म्हणून मालक गोंधळात पडतो.

सर्वांत आधी शोधायची ती हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) नळी ओढीवर चालते. त्यामुळे तिथला जोड सैल असला तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत खेचली जाते. बाहेरून सगळे कोरडे दिसते, म्हणून मेकॅनिकची नजर तिकडे जातच नाही. जुन्या गाडीचे कडक झालेले रबरी पाइप काढून पुन्हा बसवले की त्यांचे तोंड पूर्वीसारखे घट्ट धरत नाही आणि जुनी क्लिप कितीही आवळली तरी उपयोग होत नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतर वीतभर पारदर्शक नळी जोडून इंजिन काही वेळ चालू ठेवावे. बुडबुडे सतत येत राहिले तर दोष टाकीच्या बाजूला आहे, हे डोळ्यांना दिसते. याहून खात्रीची एक रीत आहे. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनापेक्षा उंच टांगून तिथून थेट फिल्टरला पुरवठा द्यावा आणि आतली हवा पूर्ण काढावी. त्यानंतर इंजिन शांत चालले, तर टाकी, तिच्यातली जाळी, नळ्या आणि फीड पंप यांच्यापलीकडे काही शोधण्याची गरज उरत नाही. या तपासाला फारसा खर्च येत नाही आणि तो गाडीच्या दारात करता येतो, तरीही तो क्वचितच केला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हवेच्या जोडीला बँजो बोल्टखालचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वायसर पाहावेत. एकदा दाबला गेलेला वायसर कडक होतो आणि पुन्हा बसवल्यावर नीट सील होत नाही. नवा मिळत नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्यावा लागतो. इंजेक्टरच्या (ज्याच्या टोकाला नोझल असतो त्या भागाच्या) खोबणीतही अशीच चूक घडते. जुना वायसर आत चिकटून राहतो, त्याच्यावर नवा बसवला जातो आणि नोझलची खोली बदलते. पंपाच्या परतीच्या, म्हणजे जादा डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या, जोडाकडेही लक्ष हवे. अनेक लाइन पंपांत (प्रत्येक सिलिंडरसाठी ओळीत वेगळा दट्ट्या म्हणजे एलिमेंट असलेल्या पंपांत) परतीच्या बाजूला स्प्रिंगचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो, तर एकाच फिरत्या दट्ट्याने सगळ्या सिलिंडरना डिझेल देणाऱ्या व्हीई जातीच्या रोटरी पंपात परतीच्या बोल्टला बारीक छिद्र असून त्यावर ‘आउट’ अशी खूण असते. घाईत हा बोल्ट आणि साधा बोल्ट यांची अदलाबदल झाली की पंपातला दाब बिघडतो, आणि पंपात काहीही दोष नसताना तो कॅलिब्रेशनला (माप जुळवून घ्यायला) पाठवला जातो.

हवा नाही आणि जोड ठीक आहेत, अशी खात्री झाल्यावर कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधावे. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करावा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाची चाल पडते तो काम करतो आहे आणि ज्याने काहीच फरक पडत नाही तोच आजारी आहे. मग त्याचा इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरच्या इंजेक्टरशी बदलून पाहावा. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर नोझल खराब आहे. तो जागेवरच राहिला तर पंपाचा त्या बाजूचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून डिझेल बाहेर सोडणारी झडप) किंवा सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टनने हवा दाबल्यावर होणारा दाब) तपासावे. सिलिंडर-सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये सुमारे ३ बारहून (बार हे दाबाचे एकक) अधिक फरक आढळला तर इंधनप्रणालीवर आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही. मात्र ही रीत केवळ जुन्या यांत्रिक पंपांसाठी आहे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात, दाब हजार बारच्या पुढे जातो, तिथे चालू इंजिनाचा नट कोणीही सैल करू नये. जुन्या इंजिनातही नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. डिझेल कातडीत शिरते, वर जखम टाचणीएवढीच दिसते, पण आत गंभीर इजा होते, म्हणून अशा माणसाला त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे.

नोझल ‘टेस्ट करून आणले’ एवढ्या तोंडी शब्दावर मालकाने समाधान मानू नये. ट्रॅक्ससारख्या प्रीचेंबर इंजिनात (ज्यात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारले जाते) नोझल साधारण ११५ ते १३५ बारला उघडतो, तर थेट इंजेक्शनच्या इंजिनात हा दाब बहुधा २०० बारच्या आसपास किंवा वर असतो. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे चारही नोझल एकसारख्या दाबाला उघडले पाहिजेत. एक १२० ला आणि दुसरा १३५ ला उघडत असेल तर दोन्ही मर्यादेत असूनही इंजिन आयडलिंगला हलणारच. उघडण्याच्या दाबापेक्षा थोडा कमी दाब दहा सेकंद धरून ठेवल्यावर नोझलच्या टोकाला थेंब जमू नये. थेंब जमणारा नोझल नवा असला तरी परत करावा.

पंप दुरुस्तीसाठी खरोखरच उतरवला गेला असेल तर टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची नेमकी वेळ, पाहणे अपरिहार्य आहे. टायमिंग मागे राहिले तर थंड इंजिन पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडते, आणि पुढे गेले तर ठोके कडक होतात. ज्या जुन्या लाइन पंपांत डायफ्रॅमचा (लवचीक पडद्याचा) गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या आवरणारा भाग, आहे, त्यांत डायफ्रॅमला चीर गेली किंवा त्याची व्हॅक्यूम नळी सैल राहिली, तर इंजिनाची चाल सारखी चढत-उतरत राहते. ही चढउतार आणि एका सिलिंडरची मिसिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांत गल्लत केल्यामुळे चांगले नोझल बदलल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. इंजिनाचे माउंटिंग रबर बसले असले तरी हादरे वाढतात, तेही पाहून घ्यावे.

एका प्रथेला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. थरथर थांबत नाही असे दिसले की आयडलिंगचा स्क्रू फिरवून फेऱ्या वाढवल्या जातात आणि गाडी मालकाच्या हाती दिली जाते. दोष तसाच राहतो, डिझेल अधिक जळते आणि गळका नोझल पिस्टनच्या डोक्यावर इंधन सांडत राहतो. पुढे पिस्टन जळाला की ‘इंजिन जुने झाले होते’ एवढेच स्पष्टीकरण मिळते. ज्यांची रोजची कमाई त्या गाडीवर आहे, त्यांच्या बाबतीत हे अन्यायाचे आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नोझल आणि पंप दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपने बिलासोबत लेखी चिठ्ठी द्यावी. तीत प्रत्येक नोझलचा उघडण्याचा दाब, थेंबाच्या चाचणीचा निकाल आणि पंपाच्या प्रत्येक एलिमेंटने आयडलिंगला व पूर्ण भाराला दिलेले इंधनाचे माप लिहिलेले असावे. ही मापे टेस्ट बेंचवर डोळ्यांसमोर दिसतच असतात, ती कागदावर उतरवायला पाच मिनिटे पुरेत. काढलेले जुने नोझल मालकाला परत द्यावेत. वाहनमालकांच्या आणि मेकॅनिकांच्या स्थानिक संघटनांनी एकत्र बसून या चिठ्ठीचा मराठी नमुना ठरवावा, आणि आपल्या दैनिकाने तो शेतीच्या पानावर छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक (मेकॅनिक डिझेल), जि. सातारा