विषय : आईच्या जखमेवरील पीआरपीचा (रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सनी केलेल्या उपचाराचा) दावा 'कॉस्मेटिक' ठरवून फेटाळल्याबद्दल

प्रति,
प्रमुख, दावा विभाग

काल तुमच्या कस्टमर केअरशी पुन्हा बोललो, म्हणून आता लेखी. पॉलिसीतल्या अटी तुम्हीच लिहिल्यात, त्या समजावत बसत नाही.

बायपाससाठी आईच्या पायातली शीर काढली. मधुमेहामुळे तिथले टाके उकलले आणि जखम भरेना. व्हॅक ड्रेसिंगचं, म्हणजे जखमेतला स्राव यंत्रानं ओढून घेणाऱ्या पट्टीचं, बिल तुम्ही निमूट मंजूर केलंत. त्यानंही भागेना, तेव्हा सर्जननी तिचंच रक्त काढून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वेगळ्या झालेल्या प्लेटलेट्स जखमेत सोडल्या. जखमेचा तळ लाल दिसू लागला, म्हणजे ती भरू लागली, ती त्यानंतर. आणि नेमकं हेच बिल 'कॉस्मेटिक'!

कालचा संवाद तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच. तरी ऐका.

"सर, पीआरपी केस गळतीवर असतं."

मी म्हटलं, घोट्यावर केस उगवायला आमच्याकडे कोणी सर्जन गाठत नाही.

"मग रक्त वापरलंय ना? ब्लड बँकेची पावती आणि डोनरचे डिटेल्स जोडा."

रक्त तिचंच होतं, म्हटलं. बराच वेळ होल्ड. मग, "ओके सर, डोनर सेल्फ. मग सेल्फची पावती अपलोड करा."

म्हणजे सत्तरी उलटलेल्या बाईनं स्वतःच्या रक्ताची पावती स्वतःच्याच नावे फाडायची? नमुना पाठवा, सही घेतो.

या उपचाराचे पुरावे अजून तोकडे आहेत असं म्हणाला असतात, तर निदान वाद घालता आला असता. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यानं मधुमेहींच्या न भरणाऱ्या जखमांसाठी २०२१ पासून पीआरपीचा खर्च २० आठवड्यांपर्यंत मान्य केलाय, हे मी सांगितलं असतं. पण तुम्ही म्हणता केस! डिस्चार्ज कार्डावर, सर्जनच्या पत्रावर शस्त्रक्रियेची जखम असं स्वच्छ लिहिलंय. उपचारही डिस्चार्जनंतरच्या खर्चाच्या मुदतीतलाच आहे. कागद कुणी उघडला तरी का?

दावा फेरतपासणीला घ्या आणि नाकारायचाच असेल तर पॉलिसीतलं कलम लिहून नाकारा. महिन्याभरात लेखी उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे जाणार, आणि नूतनीकरणाआधी पॉलिसी दुसरीकडे पोर्ट करणार. ही पॉलिसी वडिलांनी घेतली होती. हप्ता एक दिवस उशिरा गेला नाही कधी. त्या पावत्या मात्र हव्या तितक्या अपलोड करतो.

एक पॉलिसीधारक
(पॉलिसी व दावा क्रमांक सोबतच्या अर्जात)