फोटो पोचवायला शिकवणाऱ्या अण्णांना

शि. सा. न. वि. वि.

अण्णा, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली त्यांना पत्र लिहायचं तर मायना तरी नीट हवा, म्हणून आईला फोन करून विचारून घेतला. सगळ्यांसमोर उघड लिहितेय कारण मी समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही ‘आधी चहा घे’ म्हणून विषय बदलता, आणि दुसरं म्हणजे कॅमेरा घेऊन कोकणात येणाऱ्या पोरापोरींनी हे वाचावं असं मला फार मनापासून वाटतं. तुमचं नाव, गाव टाकत नाहीये. राजापूर तालुका, खाडीकाठचं गाव, तिथले रिटायर झालेले पोस्टमन, एवढं बास. नातू वाचून दाखवेल तुम्हाला.

मी बार्शीची हे तुम्हाला माहितीये. नोकरीसाठी रत्नागिरीला येईपर्यंत महाराष्ट्र म्हणजे माझ्यासाठी सोलापूर, पंढरपूर, तुळजापूर आणि फार तर पुणे. ज्वारीची रानं, हुरडा, उन्हाळ्यात टँकर. समुद्र होता तो शाळेच्या पुस्तकात, 720 किलोमीटरचा किनारा म्हणून पाठ केलेला. इथे आल्यावर सेकंडहँड कॅमेरा घेतला, त्याच्यासोबत आलेली 18-55 ची लेन्स, आणि सुट्टीला मिळेल ती एसटी पकडून फिरायला लागले, गणपतीपुळे, आरे-वारे, जयगड, पूर्णगड, जिथे बस जाईल तिथे. फोटो छान यायचे, पण त्यातला एकही बघून त्या गावात कोण राहतं ते कळायचं नाही.

मग तुम्ही भेटलात, तरीवर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी लागते तिथे. मी होडीवाल्या मामांचा फोटो काढला आणि तुम्ही शेजारून विचारलंत, ‘हा त्याला कधी मिळणार?’ माझ्याकडे उत्तर यायच्या आत माझी वही मागून घेतलीत आणि मामांचा पत्ता स्वतः लिहून दिलात, वाडीसकट, पिनकोडसकट. त्या पत्त्यापासून पुढचं सगळं सुरू झालं अण्णा.

फिरायला सुरुवात केलेल्या सगळ्यांना सांगावीशी वाटते ती म्हणजे तुमची पाऊणकी, तिथीवरून भरतीची वेळ काढायचा हिशोब. मोबाईलमध्ये भरतीचं ॲप असतं असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणालात असू दे की, पण रेंज गेली की काय करशील. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेचीपण आणि दुपारचीपण. अष्टमीला आठ पाऊण सहा. पुनवेला-अवसेला सव्वाअकरा-बारा धरायचे. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण खाडीपलीकडच्या वाड्यांचं टपाल तुम्ही एवढ्या हिशोबावर वाटलंत, कारण सुकती असली की होडी धक्क्याला लागायची नाही आणि चिखल तुडवत जावं लागायचं. मी हाच हिशोब उजेडाला लावला. पुनवेच्या आसपास संध्याकाळी सहाला पाणी पार मागे गेलेलं असतं, त्यात उधाणाची, म्हणजे सगळ्यात मोठ्या भरतीच्या दिवसांतली सुकती, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात, ओल्या वाळूत आख्खं आभाळ उतरतं, आणि मान मागे वळवली तर डोंगरावरून चंद्र वर येत असतो. अष्टमीच्या आसपास उलटं, संध्याकाळी खाडी भरलेली, भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, म्हणून ओढ कमी, काठावरचे माड पाण्यात स्पष्ट दिसतात. आता मी रजा टाकायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघते. अलिबागला कुलाबा किल्ल्यात सुकतीला चालत जाता येतं ना, तिथे मी मैत्रिणींना तिथीवरून वेळ काढून दिली आणि आम्ही त्या वेळेला पाण्यातून किल्ल्यात गेलो. तुमचं नाव काढलं तिथे मी.

आणि ते उजेडाचं. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सगळे संध्याकाळची वाट बघतात आणि सूर्य बुडायला लागला की सगळ्यांचे कॅमेरे एकाच दिशेला. तुम्ही म्हणालात सूर्य बुडताना सूर्याकडे पाठ कर आणि गाव बघ. खरंच सांगते, त्या दहा-पंधरा मिनिटांत जांभ्या दगडाच्या गडग्यांवर, म्हणजे कुंपणाच्या भिंतींवर, कौलांवर, पडवीत बसलेल्या माणसांच्या तोंडावर जो उजेड पडतो तो दिवसभरात परत कधी मिळत नाही. कॅमेऱ्याचं व्हाईट बॅलन्स मात्र ऑटोवर ठेवलं तर तो जांभ्याचा लाल रंग फिका करून टाकतो, म्हणून मी ते उन्हाच्या सेटिंगवर ठेवते. आणि सकाळी ऊन डोंगराआडून उशिरा येतं, पण आलं की थेट समुद्राच्या बाजूला पडतं, म्हणजे होडीतून उतरणाऱ्या माणसांचे चेहरे समोरून उजळलेले. तुम्ही रोज सकाळी टपाल घेऊन निघायचात म्हणून तुम्हाला हे ठाऊक, कॅमेरा तुम्ही कधी हातात धरलेला नाही.

कशेळीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, तुम्ही मला भर दुपारी जाऊ दिलं नाहीत तेही असंच. तिथल्या कातळशिल्पाची, म्हणजे जमिनीच्या कातळावर कोरलेल्या चित्राची, खोदाई उथळ असते, डोक्यावर ऊन असलं की रेषा दिसतच नाहीत, तिरकं ऊन आलं की प्रत्येक रेषेच्या कडेला सावली पडते आणि तो एवढा मोठा हत्ती आणि त्याच्या पोटातले मासे, पक्षी, जनावरं एकेक करून दिसायला लागतात. कोकणातली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्याच्या कितीतरी आधीपासून तुम्ही टपाल घेऊन त्या सड्यावरून जात होता. पावसाळा संपता संपता याच सड्यावर तेरडा आणि सीतेची आसवं फुललेली दाखवलीत आणि पाय कुठे ठेवायचा तेही सांगितलंत. ते मी आता सोबत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण एका फोटोसाठी लोक फुलांच्या गालिच्यात लोळतात आणि पुढच्या माणसाला तिथे नुसता चिखल मिळतो. वेळासला कासवाची पिल्लं बघायला गेले तेव्हाही जायच्या आधी तुमचा फोन, फ्लॅश मारू नको, मोबाईलचा टॉर्चपण नको.

पण मला खरं लिहायचंय ते मनीऑर्डरीबद्दल. तुमच्या पडवीत बसून तुम्ही सांगितलेलं, की इथली कितीतरी घरं मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालायची, गिरणगावात नोकरीला असलेल्या नवऱ्याची नाहीतर मुलाची, आणि ज्यांना वाचता यायचं नाही त्यांना तुम्ही पत्र वाचून दाखवायचात, उत्तरपण लिहून द्यायचात. आणि मग जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप झाला. तुम्ही तेव्हा नुकतेच नोकरीला लागला होता. मनीऑर्डरी येणं थांबलं पण बायका रोज त्याच वेळेला खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभ्या राहायच्या, आणि तुम्हाला त्यांच्या दारावरून जावंच लागायचं कारण पुढच्या घरचं टपाल असायचं. तुम्ही म्हणालात, ‘पिशवी हलकी होती पण तेवढं ओझं मी कधी उचललं नाही.’ हे ऐकल्यावर मी तुम्हाला म्हटलं की त्यातली जी माणसं आज आहेत त्यांचे फोटो मला काढायचेत, त्यांच्याच दारात, आणि तुम्ही लगेच होय म्हणाला नाहीत. आधी तुम्ही स्वतः प्रत्येक घरी जाऊन विचारून आलात. दोन घरांनी नको म्हटलं, ती घरं कुठली ते तुम्ही मला आजपर्यंत सांगितलेलं नाही आणि ते मला फार आवडलं.

मी एकटी मुलगी कॅमेरा घेऊन वाडीवाडीत फिरते तेव्हा लोक कसे बघतात ते मी दुसरीकडे अनुभवलंय. तुमच्या भागात मी पोचायच्या आधी तुमचा फोन पोचलेला असायचा, ‘आमच्याकडली आहे, जेवायला घाला.’ किती घरांत मी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी खाल्ली, किती जणींनी रात्री एसटी चुकेल म्हणून ठेवून घेतलं. बार्शीला आई-बाबा निर्धास्त झोपतात ते तुमच्यामुळे अण्णा, बाबांनी हे मुद्दाम लिहायला सांगितलंय.

आणि पोचवणं. प्रत्येक फोटोचे प्रिंट काढायचे, मागे नाव-पत्ता लिहायचा आणि शक्यतो स्वतः नेऊन द्यायचे, हा तुमचा नियम. मोबाईलवर पाठवते म्हटलं तर तुम्ही म्हणालात म्हातारीकडे मोबाईल कुठला, आणि मोबाईलमधला फोटो भिंतीवर कसा लावणार. रत्नागिरीच्या लॅबमधून चार बाय सहाचे प्रिंट काढून आणते, पावसात दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कॅमेऱ्याच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. एका आजींकडे स्वतःचा फोटो म्हणजे फक्त मतदान कार्डावरचा होता. त्यांनी प्रिंट हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, ‘ह्याच्या अजून दोन काढ, मुंबईला पाठवायच्या आहेत’, आणि तुम्ही तिथल्या तिथे खिशातून पेन काढून विचारलंत, पत्ता सांग. लोक मला सांगतात की फोटो काढून जाणारे खूप बघितले, परत येणारी कोणी नाही. परत गेल्यावरच माणसं बोलतात, आणि दुसऱ्या वेळी काढलेला फोटो पहिल्यापेक्षा नेहमी चांगला येतो, कारण माणूस कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघतो. फोटोग्राफीच्या कुठल्याही व्हिडिओत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ये, असंही तुम्हीच सांगितलंत. टुरिस्ट कमी, होड्या वर ओढून शाकारलेल्या, माणसं घरी जाळी विणत बसलेली, बोलायला वेळ असलेली. ओला जांभा, हिरवं शेवाळ, ढगांमुळे मऊ उजेड. जुलै 2025 मध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे आपले किनाऱ्यावरचे किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आता गर्दी वाढणार. तुम्ही बातमी ऐकून म्हणालात, किल्ला सगळे काढतील, तू जेटीवरची माणसं काढ. काढतेय. विजयदुर्गाच्या जेटीवरच्या काही जणांचे प्रिंट तयार आहेत, पत्ते अर्धवट आहेत, ते तुम्ही बघून द्या.

शिमग्याला येतेय. तुमच्या वाडीत पालखी कुठल्या दिवशी येणार ते ठरलं की नातवाला मेसेज करायला सांगा, त्याप्रमाणे रजा टाकते. चाकरमानी सगळे आलेले असतील, म्हणजे एकेका घरचा आख्खा फोटो एकदाच होईल, आणि ज्यांचे मागचे प्रिंट राहिलेत तेही देऊन टाकू.

आणि यंदा हुरड्याच्या दिवसांत तुम्ही आणि काकी बार्शीला यायचंच. आंब्याच्या घाटाने कोल्हापूर, तिथून सोलापूरची गाडी, बाबा स्टँडवर घ्यायला येतील. भगवंताचं देऊळ दाखवते, आमच्याकडच्या वस्त्यांवर फिरवते, तिथे कुणाला काय विचारायचं ते तुम्हीच ठरवा.

काकींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुमची,
बार्शीवाली

ता. क. : तरीवाल्या मामांना त्यांचा फोटो मोठ्या साइजमध्ये हवाय, फ्रेम करून, मुलीच्या लग्नात हॉलमध्ये लावायला. लॅबवाल्याने आठ दिवस सांगितलेत. मामांना तेवढं कळवा, आणि लग्नाची तारीख मला.