मध्यावधी कोणाची?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील येत्या नोव्हेंबरच्या 'मध्यावधी निवडणुकां'वरील आपला कालचा लेख आणि त्यातले 'सत्तापालट अटळ?' हे ठळक उपशीर्षक वाचून माझ्या थोरल्या बहिणीने सकाळी सात वाजताच फोन केला. "अरे, तिकडचं सरकार पडणार म्हणे! मग आपल्या पोराच्या ग्रीन कार्डाचं काय?" तिचा मुलगा पंधरा वर्षे न्यू जर्सीत नोकरी करतो आणि तितकाच काळ ग्रीन कार्डाच्या, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत आहे. तिची समजूत काढण्यात माझा चहा दोनदा गार झाला, त्याचा हिशेब आपल्याकडे मागण्यासाठी हे पत्र.

'मध्यावधी' हा शब्द आमच्या पिढीला १९७१ पासून ठाऊक आहे तो एकाच अर्थाने: सभागृह विसर्जित झाले आणि मुदत संपण्याआधीच मतदान आले. शिक्षक असल्यामुळे फेब्रुवारी १९९८ मध्ये मी मतदान केंद्रावर होतो आणि सरकार तेरा महिन्यांतच कोसळून लोकसभा विसर्जित झाल्याने सप्टेंबर १९९९ मध्ये पुन्हा त्याच शाळेत, त्याच डुगडुगत्या टेबलाशी, मतपेटीला लाख लावत बसलो होतो. त्या लाखेचा डाग अजून माझ्या अंगठ्यावर आहे. अमेरिकेत असे काहीही घडत नाही. तिथल्या प्रतिनिधिगृहाची, म्हणजे कनिष्ठ सभागृहाची, मुदतच दोन वर्षांची असून ती पुरती संपते, सर्व ४३५ जागांवर ठरल्या दिवशी मतदान होते आणि अध्यक्ष जागचे हलत नाहीत. मध्य असतो तो केवळ अध्यक्षांच्या चार वर्षांचा. सिनेट या वरिष्ठ सभागृहाच्याही साधारण एक तृतीयांश जागा दर दोन वर्षांनी भरल्या जातात, अगदी आपल्या राज्यसभेसारख्या. आणि राज्यसभेच्या अशा निवडणुकांना आपलेच वृत्तपत्र 'द्वैवार्षिक' म्हणते. शब्द घरात असताना तो वापरण्याची अडचण काय होती, हे कळले तर बरे होईल.

पारडे फिरते कसे, यावर तर लेखात अवाक्षर नाही. बहुसंख्य मतदारसंघ एकेका पक्षाकडे जणू बांधलेले असतात आणि बहुमताची उलथापालथ मोजक्या ठिकाणी होते. माझा भाचा राहतो तो न्यू जर्सीतील सातवा मतदारसंघ त्यांपैकीच एक. ट्रम्प अध्यक्ष असताना २०१८ मध्ये तिथे डेमोक्रॅट टॉम मॅलिनॉव्स्की यांनी रिपब्लिकन लिओनार्ड लान्स यांना हरवले. बायडेन अध्यक्ष असताना २०२२ मध्ये मॅलिनॉव्स्की यांना रिपब्लिकन टॉम कीन (धाकटे) यांनी घरी बसवले. दोन्ही खेपांना फटका अध्यक्षांच्या पक्षाला बसला. मात्र २०२२ च्या निकालाचे सारे श्रेय मतदारांच्या रागाला देता येत नाही, कारण मधल्या काळात मतदारसंघाच्या सीमा रिपब्लिकनांना सोयीच्या आखल्या गेल्या होत्या. त्या वर्षी रिपब्लिकनांना २२२ जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताला लागणाऱ्या २१८ पेक्षा चारच अधिक. अशा वेळी एकेक सातवा मतदारसंघ किती जड पडतो, ते पाहावे. भाचा तिथे कर भरतो, मत देऊ शकत नाही, हा भाग निराळा.

अध्यक्षांचा पक्ष अशा निवडणुकांत 'नेहमीच' हरतो, हे आपल्या लेखातले विधानही खरे नाही. १९९८ आणि २००२ मध्ये प्रतिनिधिगृहात त्याच्या जागा वाढल्या होत्या, आणि २०१८ मध्ये तिथले बहुमत गमावणाऱ्या रिपब्लिकनांचे सिनेटमधले बळ उलट वाढले.

आता ताईच्या प्रश्नाकडे. २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहात ६३ जागा अधिक मिळवून बहुमत घेतले. डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामांचे सरकार पडले नाही; उलट २०१२ मध्ये ते पुन्हा निवडून आले. पण प्रतिनिधिगृह विरोधकांकडेच राहिले आणि सभापतीही त्यांचाच. जून २०१३ मध्ये सिनेटने स्थलांतराचे मोठे विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा, म्हणजे भारतीयांची रांग लांबवणारी मुख्य अट, त्यात काढून टाकलेली होती. सभापती जॉन बेनर यांनी ते विधेयक मतदानालाच घेतले नाही. एकेकाळी ग्रामपंचायत सदस्य राहिलेल्या ताईला हे चटकन उमगले: "म्हणजे ठराव विषयपत्रिकेवरच घ्यायचा नाही, तसंच ना?" तसेच. आपल्या लेखकाला जे अर्ध्या पानात सांगता आले नाही, ते तिने एका वाक्यात सांगितले.

जाता जाता आणखी एक. गेल्या महिन्यात माझे पाणीपुरवठ्यावरील पत्र 'जागेअभावी संक्षिप्त' करताना आपण त्यातला नेमका 'नाही' हा शब्द गाळला, आणि मी नळाच्या पाण्याचे कौतुक केल्याचे गावभर झाले. तेव्हा याही पत्राला कात्री लावायचीच असेल, तर लाखेचा मजकूर खुशाल कापावा. ६८ विरुद्ध ३२ हा आकडा मात्र राहू द्यावा. ताई उद्याच्या अंकात तोच शोधणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा