मा. परिवहन मंत्र्यांना खुले पत्र : तेर-नळदुर्गला रविवारची एसटी द्या

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यात इतिहास शिकवते. सातवाहनांचा धडा आला की मुली हमखास विचारतात, "बाई, तेर दाखवायला कधी नेणार?" तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणसोबत त्याचे नाव येते. इथले कापड गाड्यांत भरून थेट गुजरातेतल्या भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. मराठवाड्याला समुद्र नाही, पण समुद्रापारचा व्यापार आमच्या गावाने केला आहे, आणि हे आमच्या मुलांना जागेवर उभे राहून कळले पाहिजे.

तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार. मुळात तो बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह होता, पुढे तिथे विष्णू आला. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जपल्या, म्हणून आज तिथे शासकीय संग्रहालय आहे. मातीच्या मूर्ती, शंखाचे आणि दगडाचे मणी, हस्तिदंती स्त्रीमूर्ती. बाजूलाच गोरोबाकाकांची समाधी. एवढे सगळे एका गावात!

तेरला एसटी जाते, पण ती गावकऱ्यांच्या कामाच्या वेळेने. सहलीला निघालेल्या कुटुंबाला सकाळी जाऊन, निवांत बघून, दिवेलागणीला घरी येता यायला हवे. ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याला हे जमते. बाकीच्यांनी जीप ठरवायची म्हटले की खर्च ऐकूनच बेत मोडतो.

तुळजापूरला महाराष्ट्रभरातून माणसे येतात आणि दर्शन घेऊन परततात. तिथून फार लांब नसलेला नळदुर्गचा किल्ला मात्र राहून जातो. बोरी नदी अडवून बांधलेल्या तिथल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की त्या महालाच्या सज्जातून पाण्याचा पडदा समोर दिसतो. इब्राहिम आदिलशहाच्या काळातले हे बांधकाम अजून पाणी अडवते आहे.

माझी मागणी एकच आहे. दर रविवारी धाराशिवहून तेर, तुळजापूर, नळदुर्ग आणि परत, अशी एक गाडी सोडा. प्रत्येक ठिकाणी ती थांबून राहावी, प्रवाशांना घेऊनच पुढे निघावी. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. त्या सवलती या गाडीलाही लागू ठेवा, म्हणजे सासू-सुना, आजी-नातवंडे एकत्र निघतील. लातूरहून औसा-खरोसा, नांदेडहून कंधार, छत्रपती संभाजीनगरहून पैठण हे मार्ग पुढे याच धर्तीवर करता येतील.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. थांब्यांवर स्वच्छ, पाणी असलेली स्वच्छतागृहे हवीत. सहलीच्या दिवशी बायका सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जायचे कुठे हा प्रश्न असतो. मुलींना मी तसे फिरायला नेऊ शकत नाही. यासाठी पर्यटन खात्याला आणि स्थानिक ग्रामपंचायत, नगरपरिषदेला सोबत घ्या.

श्रावणातल्या रविवारपासून सुरुवात करावी, तेव्हा बोरीला पाणी असते. वेळापत्रक जाहीर झाले की पहिल्या गाडीसाठी आमच्या शाळेतल्या मुलींची आणि त्यांच्या आयांची यादी मी स्वतः आगारात आणून देईन.

आपली नम्र,
धाराशिव जिल्ह्यातील एक शिक्षिका