चि. बाबूस, नैरोबीला

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, आपण इथे पाहुणे. यांच्या राजकारणाशी आपल्याला काय करायचंय? पगार घ्यायचा नि गप्प राहायचं." तुझी आई म्हणाली, पोरगा शहाणा झाला. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. फोनवर मला कधीच सुचत नाही. म्हणून कागद घेऊन बसलो. जन्मभर लोकांची पत्रं सॉर्ट केली, आता एक आपल्या पोराला.

माझ्या तिकिटांच्या वहीत केनियाचं एक तिकीट आहे, २००८ सालचं. तिथल्या वीरांवर चार तिकिटांची मालिका निघाली होती, त्यातलं हे एक. नाव वाचून चमकलो होतो. पियो गामा पिंटो. अरे, हा तर आपला गोंयकार! तेव्हापासून मिळेल तिथून त्याच्याबद्दल वाचत आलो. गेला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. आता मी त्याच्या दुप्पट वयाकडे चाललोय, म्हणून अहो-जाहो करत नाही.

जन्म नैरोबीतलाच, ३१ मार्च १९२७. बाप वसाहत सरकारच्या नोकरीत. आठव्या वर्षी पोराला शिकायला इकडे पाठवलं. पुढे धारवाडचं कर्नाटक कॉलेज, थोडे दिवस हवाई दलात, आणि मग मुंबईला टपाल-तार खात्यात. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. आमच्या खात्यातला माणूस! नोकरीत असताना संपात उतरला. मग पोर्तुगिजांना गोव्यातून घालवायला जी गोवा नॅशनल काँग्रेस उभी राहिली, तिच्या संस्थापकांत हाही होता. इथे पोर्तुगीज पकडायच्या बेतात आले. सापडता तर केप व्हर्द बेटांवरच्या तराफालच्या तुरुंगछावणीत रवानगी होती, आणि ते नाव काढलं की आपल्याकडची जुनी माणसं अजून गप्प होतात. १९४९ साली तो निसटून केनियाला परतला.

एका संपात मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. सगळे बाहेर दारात बसलेले असताना मागच्या जिन्याने वर जाऊन हजेरीपटावर सही करून आलो. तू तेव्हा सहा महिन्यांचा होतास. माझ्या शेजारी टेबलावर बसणारा पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नाही. असो.

परतल्यावर पिंटोला तिथे नोकरी करून आरामात राहता आलं असतं. त्या वेळी केनियात गोरे वर, मधे आपले हिंदी लोक, आणि ज्यांची जमीन ते सगळ्यांत खाली, अशी उतरंड होती. मधल्या पायरीवरच्या माणसाला खाली बघायची गरज पडत नाही. हा स्वाहिली बोलायचा, वर्तमानपत्रं चालवायचा, इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललेल्या माऊ माऊच्या लोकांना गुपचूप मदत करायचा. जानेवारी १९५४ मध्ये एम्माशी लग्न झालं. सासऱ्यांनी लग्नात पैसे दिले, तर या पठ्ठ्याने त्यातून छापखान्याचं यंत्र घेतलं! एम्मा काय म्हणाली असेल, हे तुझ्या आईला विचारून बघ. पाच महिन्यांत, जूनमध्ये, इंग्रजांनी त्याला उचललं. लामूजवळच्या मांडा बेटावर जवळजवळ चार वर्षं, मग काबार्नेटला नजरकैदेत. पुरता सुटला तो १९५९ च्या ऑक्टोबरात.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. १९६४ मध्ये हा संसदेत गेला आणि स्वतःच्याच पक्षाला, 'कानू'ला, नकोसं बोलू लागला. गोऱ्यांच्या जमिनी नव्या साहेबांच्या खिशात का जाताहेत, ज्यांनी जंगलात राहून लढाई केली त्यांना का मिळत नाहीत? पक्षातले डावे पुढारी ओडिंगा, त्यांच्या बाजूचा मोठा आधार तो होता. शिवाय पोर्तुगिजांशी लढणाऱ्या मोझांबिकच्या लोकांनाही मदत चालू होतीच. पोर्तुगिजांचा हिशेब त्याने गोव्यापुरता ठेवला नव्हता.

२४ फेब्रुवारी १९६५. घराच्या आवारातली वाट, गाडी फाटकाशी उभी, कोणी येऊन फाटक उघडेल म्हणून हा थांबलेला. धाकटी मुलगी गाडीत. अगदी जवळून गोळ्या घातल्या. त्याला तीन मुली. एम्मा पुढे पोरींना घेऊन कॅनडाला गेली.

किसिलू मुटुआ नावाच्या एका तरुणाला फाशी सुनावली, ती पुढे जन्मठेप झाली. मी मारलं नाही, हे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. २००१ मध्ये सुटला, ३६ वर्षांनी. मारायला सांगितलं कोणी, ते कोर्टात कधी आलंच नाही.

तू म्हणशील, बघा, बाबा, बोलला म्हणून गेला. ते खरंच आहे. तू पिंटो व्हावंस असं मी म्हणत नाही, माझी तेवढी छाती नाही. मला फक्त तो 'पाहुणे' शब्द खटकला. २०१७ मध्ये केनिया सरकारने तिथल्या आशियाई लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. तुझा पासपोर्ट भारताचा आहे, मला कळतं. पण तुझ्या दुकानातल्या पोराला महिनाअखेर पैसे उशिरा मिळाले, हे तूच सांगितलंस. ते काही राजकारण नव्हे. ते तू मालकांना बोलू शकतोस.

एक काम कर. रविवारी उजेडी सिटी पार्कला जा, कोणाला तरी सोबत घेऊन. तिथल्या दफनभूमीत पिंटो आहे. त्याच्याजवळच जोसेफ मुरुंबी आहेत. त्यांचा बाप गोंयकार, आई मसाई. १९६६ मध्ये देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि काही महिन्यांत पद सोडून मोकळे झाले. मित्राच्या खुनानंतर त्यांचं मन तिथे रमलं नाही, असं म्हणतात. मरताना सांगून ठेवलं, मला पिंटोजवळ ठेवा.

फोटो पाठवू नकोस, मोबाईलवर मला नीट दिसत नाही. काय पाहिलंस ते लिही आणि पाकिटात घालून टपालाने पाठव. खिडकीवरच्या माणसाला सांग, शिक्का तिकिटाच्या कोपऱ्यावर स्वच्छ मारा, मधोमध नको.

आई काजूगर पाठवते आहे, कस्टमवाले सोडतील ना ते विचारून ठेव.

तुझा,
बाबा