पाखाडीला पायऱ्या आहेत, हे नकाशाला कोणी सांगायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. मुंबईहून आलेल्या पर्यटकांची गाडी फोनमधल्या नकाशाच्या भरवशावर पाखाडीत, म्हणजे आमच्याकडच्या दगडी पायऱ्यांच्या पायवाटेत, उतरली आणि चौथ्या पायरीवर पोट टेकून बसली. मथळ्यात सगळं खापर नकाशावर फोडलं होतं. वाचून आधी हसू आलं, मग जरा रागही आला. ती जांभ्याची पाखाडी आमच्या आजेसासूबाईंच्या आधीपासून तिथे आहे. तिला पायऱ्या आहेत हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. नकाशाला मात्र कोणी सांगितलंच नाही. मग त्याने तरी काय करावं?

मी गुहागर तालुक्यात 27 वर्षं आरोग्यसेविका होते. उपकेंद्राच्या भिंतीवर माझ्या हातचा कार्यक्षेत्राचा नकाशा असायचा. पल्स पोलिओच्या आधी तो दर वेळी नव्याने काढायचा. निळ्या शाईने वहाळ, लाल ठिपक्यांनी विहिरी, हिरव्याने देवराई. घरोघरी डोस पाजून झाला की खडूने दारावर 'पी' नाहीतर फुली. फुली म्हणजे मूल भेटलं नाही, परत यायचं. त्या फुल्यांनी मला गाव जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या प्रशिक्षणाने शिकवलं नाही. कुठल्या घराला पुढून बेडं (आडव्या दांड्यांचं फाटक) लावलेलं असलं तरी मागच्या गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) जाता येतं, कुठला पऱ्या (पावसाळी ओढा) जुलैत ओलांडायचा नाही, हे सगळं त्या फेऱ्यांतलं.

माझ्या त्या नकाशात उत्तर दिशा नव्हती. आमच्याकडे वर म्हणजे सडा, कातळाचं पठार, आणि खाली म्हणजे समुद्र, म्हणून कागदावरही सडा वर आणि समुद्र खाली. निवृत्तीनंतर पुतणीने कॉम्प्युटरवर पहिल्यांदा ओपनस्ट्रीटमॅप उघडून दाखवला तेव्हा मी गोंधळलेच. वरची वाडी उजवीकडे, खालची वाडी डावीकडे! शिवाय आमचं गाव म्हणजे एक रेघ आणि एक ठिपका. ती रेघ डांबरी रस्त्याची. 11 वाड्यांपैकी एकीचंही नाव नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा नकाशा 2004 साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. तिथे सरकारी नकाशांची माहिती महाग होती, म्हणून लोकांनी आपला आपणच काढायचा ठरवला. खातं उघडलं की कोणीही त्यात भर घालू शकतं, चूक दुरुस्त करू शकतं आणि श्रेय देऊन तो फुकट वापरू शकतं. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरी बसून, उपग्रहाची छायाचित्रं पाहून, पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते त्यावर काढले आणि मदत पथकांनी ते वापरले. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून मात्र उतरवून घ्यायचं नाही, हा त्यांचा कडक नियम आहे. स्वतः पाहिलेलं घालायचं, नाहीतर ज्या छायाचित्रांना परवानगी आहे त्यांवरून काढायचं.

आमच्याकडे छायाचित्राचा उपयोग अर्धाच. वरून पाहिलं तर आंबा, फणस, माडाची बाग. खाली पाखाडी आहे हे देवालाच दिसेल. म्हणून चालावंच लागतं. फोन खिशात टाकून, माग नोंदवणारं ॲप चालू करून मी निघते. दाट झाडीत आणि दरडीच्या कुशीत फोनला उपग्रह नीट सापडत नाहीत, रेघ प्यायल्यासारखी नाचते. एकच वाट दोन-तीनदा चालायची आणि घरी येऊन सगळ्या रेघांच्या मधून एक ओढायची. सहाणेपासून (पालखी टेकवायच्या चौथऱ्यापासून) खालच्या वाडीपर्यंतच्या पाखाडीला 112 पायऱ्या आहेत. मोजल्या, आणि आकडा घातला. पायऱ्यांना कठडा आहे का, हेही तो नकाशा विचारतो. गुडघे दुखणाऱ्या बाईला हा प्रश्न किती शहाणा वाटला, काय सांगू! रस्ता कशाचा, या यादीत मात्र जांभ्याच्या चिऱ्याला जागा नाही. ते दुःख मी तूर्तास गिळलं आहे.

लोक विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, सात-बाऱ्याचं काही निघालंय का?" जमिनीच्या दलालांनी इतकं पोळलंय की फोन हातात घेऊन गडग्याशी उभं राहिलेलं माणूस चोरच वाटतं. त्यांना दाखवते, की यात कोणाच्या नावावर काय आहे ते नाही, घराखाली माणसाचं नाव नाही. सार्वजनिक विहीर घालते. खासगी विहीर मालकाला विचारूनच.

हे सगळं कशासाठी, तर 2019 च्या पावसाळ्यातल्या एका रात्रीसाठी. खालच्या वाडीत पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स बोलावली, ती आलीही, पण शेजारच्या गावच्या खालच्या वाडीत. खालची वाडी कुठल्या गावात नसते? ड्रायव्हरचा दोष नव्हता. फोनमधला ठिपकाच तिथे होता आणि मध्ये पऱ्या भरून वाहत होता. शेवटी पोरांनी तिला खुर्चीत बसवून पाखाडीने वर सहाणेवर आणलं, मी छत्री धरून मागे. मुलगी झाली, दोघी सुखरूप. ॲम्ब्युलन्स आता हाच नकाशा वापरतात असा माझा दावा नाही. पण आमच्या भागातल्या दोन ड्रायव्हरांच्या फोनमध्ये मी तो उतरवून दिला आहे. तो रेंज नसतानाही उघडतो, आणि रेंज आमच्याकडे फक्त सड्यावर असते.

एका बाबतीत माझी चूक झाली, तीही लिहिते. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. फार आधी व्हायला हवं होतं. आमच्याही एका वाडीने नवं नाव घेतलं, पाटी लावली. नकाशावर मी पाटीवरचंच नाव घातलं, पण 'जुनं नाव' असाही एक रकाना असतो, त्यात जुनं लिहून ठेवलं. म्हातारी माणसं फोनवर तेच सांगतात, रात्री-अपरात्री उपयोगी पडेल, असा माझा विचार. त्या वाडीतली तीन मुलं घरी आली. आवाज चढवला नाही, ओटीवर बसून एवढंच म्हणाली, "आम्ही पुसलं ते तुम्ही परत का लिहिलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोय मी पाहिली होती आणि अपमान त्यांचा होता. त्यांच्यासमोरच ते काढलं आणि त्याऐवजी वाडीतली शाळा, बुद्धविहार आणि बोअरवेल अशा तीन खुणा घातल्या. आता त्यातला एक जण माझ्याबरोबर चालायला येतो. पण या नकाशात प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, कोणी काय कधी लिहिलं ते सगळं. शोधणाऱ्याला ते जुनं नाव तिथे अजून सापडेल, माझ्या खात्याच्या नावासकट. ते मला पुसता येत नाही.

आपल्या वाचकांत मुंबईचे चाकरमानी पुष्कळ. गणपतीला याल तेव्हा भजन आणि पत्ते चालू द्या, पण एक सकाळ आपल्या वाडीसाठी काढा. बरोबर एखादी म्हातारी घ्या. पऱ्याला नाव आहे, वळणाला नाव आहे, सड्यावरच्या कातळालाही नाव आहे. ते तिलाच ठाऊक असतं आणि नकाशावर देवनागरीत लिहिता येतं. आणि आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी 'नकाशाने फसवलं' असं छापण्याआधी ती पाखाडी दुरुस्त करून टाकावी. दोन मिनिटांचं काम आहे.

ग्रामपंचायतीलाही एक निरोप. वहाळावरचा साकव (पायी जायचा छोटा पूल) यंदा पहिल्याच मोठ्या पावसात गेला. त्याच संध्याकाळी मी तो नकाशावरून काढला, कोणी त्या भरवशावर उतरू नये म्हणून. नवा बांधलात की कळवा, परत घालते.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. गुहागर, जि. रत्नागिरी

(नाव छापू नये, ही विनंती. खालच्या वाडीला कळायचं ते कळेलच.)