केशवराव भोसले नाट्यगृहाच्या नव्या उभारणीत पर्यावरणालाही जागा हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ही वास्तू पूर्वीच्याच रूपात पुन्हा दिसावी, याबद्दल कोल्हापुरात दुमत नाही, आणि पुनर्बांधणीचे कामही त्याच हेतूने हाती घेण्यात आले आहे. परंतु छप्पर, वीजवाहिन्या, वातानुकूलन, रंगमंचावरचे दिवे आणि पाण्याच्या टाक्या असे सारे काही एकाच वेळी नव्याने बसवण्याचा प्रसंग एखाद्या ऐतिहासिक नाट्यगृहावर क्वचितच येतो. वीज आणि पाणी यांची बचत, तसेच कचऱ्याची व्यवस्था यांचा विचार आत्ताच आराखड्यात आणि निविदेत झाला नाही, तर नंतर पूर्ण झालेल्या भिंती फोडून तो करावा लागेल आणि बहुधा कधीच होणार नाही. यातील काही गोष्टी आराखड्यात असतीलही. तसे असल्यास महापालिकेने त्या जाहीर कराव्यात, एवढीच पहिली विनंती आहे.

आगीतून बचावलेले दगडी बांधकाम हीच पर्यावरणाच्या दृष्टीने या वास्तूची सर्वांत मोठी ठेव आहे. सिमेंट आणि पोलाद तयार करताना प्रचंड इंधन जळते. त्यामुळे जो दगड जागेवर राहील किंवा निघाला तरी पुन्हा वापरला जाईल, तितका नव्या साहित्याचा भार कमी होईल. जुन्या दगडी भिंतींची डागडुजी चुन्यात व्हावी, कारण सिमेंटच्या गिलाव्याखाली ओल अडकून राहते आणि दगड व सांधे दोन्ही खराब होतात. जाड दगडी भिंती दुपारचा उष्मा उशिरा आत येऊ देतात. छपराखाली चांगला उष्णतारोधक, परंतु न जळणारा थर दिला, तर वातानुकूलनाची यंत्रणाच लहान क्षमतेची पुरेल.

नाट्यगृहात सर्वाधिक वीज लागते ती वातानुकूलनाला, आणि ती वाया कशी जाते हे रंगकर्मींना पुरते ठाऊक आहे. संध्याकाळच्या प्रयोगासाठी दुपारी ट्रक येतो, नेपथ्य लागते, दिवे लागतात, आणि रंगमंचावर काम करणाऱ्या मोजक्या माणसांसाठी संपूर्ण प्रेक्षागृह थंड करावे लागते. रंगमंच, रंगपट (कलाकारांची तयारीची खोली), प्रेक्षागृह आणि बाल्कनी यांची यंत्रणा वेगवेगळी चालू-बंद करता आली, तर हा अपव्यय मुळातच थांबेल. कोल्हापुरातल्या हिवाळ्यातल्या रात्री गार असतात; त्या दिवसांत बाहेरची हवा गाळून आत घेण्याची सोय असेल, तर यंत्र चालवण्याची गरजच फारशी पडणार नाही.

दिव्यांचा प्रश्न तर थेट आगीच्या धोक्याशी जोडलेला आहे. हजार वॉटच्या हॅलोजन दिव्याचे बरेचसे काम आज दोनशे-अडीचशे वॉटचा एलईडी दिवा करतो. हॅलोजनने ओढलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेत जातो, ती उष्णता पडदे आणि झालरी यांच्या जवळच निर्माण होते, आणि ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलनाला पुन्हा वीज खर्च करावी लागते. एलईडीमुळे वाहिन्यांवरचा भारही घटतो. अर्थात स्वस्तातले एलईडी दिवे मंद करताना लुकलुकतात आणि चेहऱ्याचा रंग निस्तेज दिसतो, अशी प्रकाशयोजनाकारांची तक्रार असते आणि ती रास्त आहे. म्हणून ही खरेदी केवळ सर्वांत कमी दराच्या निविदेवर न सोडता, कोल्हापुरातल्या अनुभवी प्रकाशयोजनाकारांना दिवे प्रत्यक्ष रंगमंचावर दाखवून मगच व्हावी.

पाण्याबाबत एक साधा हिशेब मांडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. कोल्हापूर शहराचा वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास धरला आणि वीस टक्के पाणी वाया जाते असे मानले, तरी दर हजार चौरस मीटर छपरामागे वर्षाला सुमारे आठ लाख लिटर पाणी हाती येते. ते सगळे साठवणे शक्य नाही, परंतु काही पाणी भूमिगत टाकीत, काही जमिनीत मुरवण्यासाठी आणि काही स्वच्छतागृहांसाठी किंवा शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या मातीवर मारण्यासाठी वापरता येईल. या टाकीचे दोन स्वतंत्र कप्पे असावेत आणि अग्निशमनासाठी राखलेल्या कप्प्यातले पाणी इतर कशासाठीही काढता येऊ नये. ज्या राजाने हे नाट्यगृह बांधले, त्यानेच भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले होते. त्याच्या नाट्यगृहाच्या छपरावरचे पाणी गटारात सोडून देणे मनाला पटत नाही.

सौरऊर्जेच्या बाबतीत मात्र सबुरीने घ्यावे. ऐतिहासिक वास्तूच्या दर्शनी छपरावर काचेची पॅनेल चढवणे योग्य नाही. मागच्या, रस्त्यावरून न दिसणाऱ्या बाजूला ती बसू शकतात का ते तपासावे. अन्यथा महापालिकेच्या दुसऱ्या एखाद्या इमारतीवर तितक्याच क्षमतेचा प्रकल्प उभारावा. एक किलोवॅटच्या पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज मिळते. नाटक मुख्यतः संध्याकाळी होते आणि वीज दिवसा तयार होते, त्यामुळे नेट मीटरिंगची, म्हणजे दिवसा वीजजाळ्याला दिलेली वीज बिलातून वजा होण्याची, वजावट प्रत्यक्षात किती मिळेल हे दरपत्रक पाहूनच ठरवावे.

जुन्या आणि मानाच्या वास्तूला हे झेपत नाही, असा समज असेल तर सिडनीच्या ऑपेरा हाउसकडे पाहावे. १९७३ साली खुल्या झालेल्या आणि २००७ साली जागतिक वारसास्थळ ठरलेल्या त्या वास्तूचे वातानुकूलन बंदरातल्या समुद्राच्या पाण्याच्या मदतीने चालते, आणि २०१८ साली तिला कार्बन-तटस्थ असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. आपल्याकडे समुद्र नाही, परंतु आपल्या जागेत काय उपलब्ध आहे हे आधी पाहण्याची त्यांची पद्धत आपल्यालाही घेता येईल.

इमारत पूर्ण झाल्यावर प्रश्न येतो तो रोजच्या कारभाराचा. लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे), फ्लॅट (भिंतींसारखे उभे पॅनेल), दारे-खिडक्यांच्या चौकटी आणि काळे पडदे असे सामान्य नेपथ्य नाट्यगृहानेच बाळगून अल्प भाड्याने दिले, तर राज्य नाट्य स्पर्धेसाठी येणाऱ्या हौशी संस्थांचा खर्च वाचेल आणि एका प्रयोगासाठी ठोकलेले प्लायवूड दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाणार नाही. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. नाट्यगृहाच्या भाडेकरारात ती स्पष्ट लिहून, तिचे पालन न झाल्यास अनामत रकमेतून कपात करावी. आवारातल्या फ्लेक्सऐवजी कापडी फलकांसाठी ठरावीक जागा द्यावी. पाण्याच्या बाटल्या विकण्यापेक्षा गाळलेल्या पाण्याचे नळ मध्यंतरात पुरतील इतक्या संख्येने बसवावेत. रात्रीचा प्रयोग सुटल्यावर मुख्य मार्गांवर केएमटीची एखादी बस मिळाली, तर ज्येष्ठ रसिकांची सोय होईल आणि आवारातली वाहनांची गर्दीही घटेल.

या सगळ्यासाठी देखभालीची स्वतंत्र तरतूद महापालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात असायला हवी. त्याचबरोबर नाट्यगृहाचा दरमहा वीज आणि पाण्याचा वापर, झालेल्या प्रयोगांच्या संख्येसह, प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावला जावा. पालिका आयुक्तांनी उद्घाटनाची तारीख ठरवण्यापूर्वी रंगकर्मी, वास्तुरचनाकार आणि अग्निशमन अधिकारी यांची एकत्र बैठक बोलावून उरलेल्या कामाचा आराखडा त्यांच्यासमोर ठेवावा, ही विनंती आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपला विश्वासू,
एक नाट्यरसिक वाचक, कोल्हापूर